गाडी कुणाची

गाडी पहिल्यांदा डोंबिवलीत आली ती टेम्पोवर बसून. मंजुळाबाईंनी गॅलरीतून खाली वाकून बघितलं आणि लेकीला एवढंच विचारलं, "मृणाल, अगं हिचं छप्पर कुठाय?"

छप्पर होतं, पण उंदरांनी खाल्लं होतं. नौपाड्यातल्या एका निवृत्त डॉक्टरांच्या इमारतीखाली ती कित्येक वर्षं उभी होती. दोन सीटची, बुटकी, फायबरच्या अंगाची स्पोर्ट्स कार. गोव्यातल्या एका छोट्या कारखान्यात तसल्या थोड्याच बनल्या आणि मग कारखानाच थांबला. डॉक्टरांच्या मुलाने हौसेने घेतलेली, पुढे तो परदेशी गेला. मृणाल त्या इमारतीत मैत्रिणीकडे गेली असताना तिला गाडी दिसली. तिने बोनेटवरची धूळ हाताने पुसली, तेव्हाच घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं.

मृणाल एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत क्वालिटी विभागाची प्रमुख. लग्न मोडून माहेरी आली त्याला बरीच वर्षं झाली होती. घरात आई आणि धाकटा भाऊ प्रफुल्ल. प्रफुल्ल ठाण्याला एका बँकेत, स्वभावाने गोड, सगळ्यांना हवाहवासा, आणि हातात घेतलेलं काम पुरं न करण्याबद्दल प्रसिद्ध.

रेझिन आणि फायबर मृणालच्या रोजच्या ओळखीचं. सुट्टीच्या दिवशी जुना पंजाबी ड्रेस घालून, तोंडाला मास्क लावून ती पार्किंगमध्ये बसायची. तडा गेलेला बंपर तिने आतून काचतंतूंच्या चटईचे रेझिनमध्ये भिजवलेले थर देऊन जोडला, दरवाजे घासले, रंग कंपनीतल्या मशीनवर स्वतः जुळवला. समुद्राच्या पाण्यासारखा हिरवट निळा. येणारेजाणारे विचारायचे, "प्रफुल्लने गाडी घेतली वाटतं?" ती म्हणायची, "मी घेतली." ते म्हणायचे, "हो का? छान छान," आणि जाताना प्रफुल्लचं अभिनंदन करून जायचे.

इंजिनाने मात्र नाकी नऊ आणले. कल्याणला जगन नावाच्या मेकॅनिककडे ती गाडी न्यायची. जगन कामाला चांगला, पण बोलायचा प्रफुल्लशीच. "साहेब, हेड गॅस्केट गेलाय." साहेबांना हेड गॅस्केट म्हणजे काय ते ठाऊक नसायचं. ते मोबाइलमध्ये बघत "हं" म्हणायचे, आणि प्रश्न मृणाल विचारायची. जगन उत्तर पुन्हा साहेबांनाच द्यायचा.

गॅस्केट बदलला, तो पलावाच्या सिग्नलला उडाला. दुसरा बसवला, तोही उडाला. मृणालने हट्टाने हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, उतरवून घेतलं आणि सपाट पट्टी ठेवून तपासलं, तर पट्टीखालून उजेड दिसला. हेडच वाकलेलं. ते घासून आणलं, रेडिएटर नवा बांधून घेतला, आणि गाडी शांत झाली. मग फ्यूल पंप गेला. तो मिळेपर्यंत क्लचची केबल तुटली. पार्ट कुठल्याच दुकानात नाहीत, दुसऱ्या गाडीचे आणायचे आणि कापून-घासून बसवायचे. कितीदा तरी तिला वाटलं, देऊन टाकावी भंगारात.

पण एका सकाळी तिने आईला डोक्याला ओढणी बांधून शेजारी बसवलं आणि मुरबाडच्या रस्त्याला गाडी काढली. छप्पर मागे दुमडलेलं. इंजिनाचा आवाज बारीक, एकसारखा, शिलाई मशीनसारखा. मंजुळाबाई आधी दरवाजा घट्ट धरून बसल्या, मग हळूच हात सोडला, आणि सरळगावच्या पुढे चक्क हसायला लागल्या. मृणालने आईला असं हसताना बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. ती गाडी छोटी होती, जोर बेताचा होता, पण वळणावर अशी चिकटून जायची की वाटावं, रस्ता तिला पाठ आहे.

त्यानंतर कंपनीने मृणालला बडोद्याच्या नव्या प्लांटवर पाठवलं, महिनाभरासाठी. बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून गाडी चालू कर, असं सांगून तिने किल्ली प्रफुल्लकडे दिली.

ती परतली त्या दिवशी तिचा चाळिसावा वाढदिवस होता. पार्किंगमध्ये शेजारीपाजारी जमले होते. गाडीला लाल रिबन. बोनेटच्या मधोमध कापून उंचवटा काढलेला, चाकं भलीमोठी, मागे डब्याएवढा सायलेन्सर. प्रफुल्लने मोबाइल धरला होता, तिचा चेहरा शूट करायला. "ताई, सरप्राइज!" तो ओरडला आणि त्याने गाडी चालू केली. असा आवाज झाला की खालच्या मजल्यावरचं लहान मूल दचकून रडायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मृणालने बोनेट उघडलं. आत भलतंच इंजिन होतं. कुठल्या तरी मोठ्या सेडानचं, काळं, जड. ते बसावं म्हणून फायबरची आतली भिंत करवतीने कापलेली, कडा तशाच खरखरीत सोडलेल्या.

"जुनं कुठाय?"

"अगं, ते सोड ना! याची पावर डबल आहे. ठाण्याच्या साईनाथने केलंय, त्याचं नाव आहे मॉडिफिकेशनमध्ये..."

"प्रफुल्ल, माझं इंजिन कुठाय?"

"साईनाथने काढून टाकलं असेल. त्याला कोण घेणार, ताई? डबडं होतं ते."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चिडली की तिचा आवाज चढत नसे. तिने मोबाइलकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बंद कर ते." शेजारी चुळबुळत पांगले. केक तसाच राहिला.

वर घरात आईने प्रफुल्लची बाजू घेतली. "किती धावपळ केली गं त्याने. सगळे सुट्टीचे दिवस ठाण्याला जात होता. प्रेमानेच केलं ना?"

"आई, त्यानेही माझी स्कूटर विकून फ्रिज आणला होता," मृणाल म्हणाली. त्याने म्हणजे तिच्या आधीच्या नवऱ्याने, हे घरात कुणाला विचारावं लागलं नाही. "तोही प्रेमानेच आणला होता. मी ऑफिसातून आले तर खाली स्कूटर नाही आणि वर फ्रिज. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस."

"माझी आणि त्याची बरोबरी करतेस?" प्रफुल्लचा चेहरा पडला.

"मी नाही करत. तू केलीस."

तो रडवेला होऊन गॅलरीत गेला. मंजुळाबाई मान खाली घालून पोळ्या लाटू लागल्या. त्या रागाने लाटतात की दुःखाने, ते मृणालला कळेना, आणि तिने विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने प्रफुल्लला उठवलं. "चल. साईनाथकडे जायचंय."

गाडी तिने स्वतः घेतली. शीळ रस्त्याच्या गर्दीत सगळं ठीक वाटलं, वेग कसला नव्हताच. मुंब्रा बायपासला लागल्यावर मात्र गाडी पुढे ओढायला लागली. पायाचा नुसता स्पर्श झाला तरी धावायची. प्रफुल्ल हळूच म्हणाला, "बघ ना, काय पिकअप आहे."  उताराला तिने ब्रेक मारला, पुन्हा मारला. पुढच्या वळणापलीकडे एक कंटेनर बंद पडून आडवा उभा होता.

तिने पाय दाबला. पेडल ओल्या स्पंजासारखं आत गेलं आणि गाडी थांबलीच नाही. गाडीचं नाक जड झाल्याने स्टिअरिंगही ऐकेना. प्रफुल्ल "ताई!" म्हणून किंचाळला. तिने गिअर खाली ओढला, हँडब्रेक खेचला आणि गाडी डावीकडच्या कठड्यावर घातली. फायबर घासत, फाटत गेलं, दिवा फुटला, आणि कंटेनरच्या मागच्या चाकांपासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली. एवढी बुटकी गाडी सरळ त्याच्या पोटाखाली गेली असती.

दोघं खाली उतरले. ब्रेकच्या जळक्या वासाने नाक भरलं होतं. मागून ट्रक हॉर्न देत जात होते. प्रफुल्ल कठड्यावर बसला.

"ब्रेक कुठले आहेत याला?" मृणालने विचारलं.

"म्हणजे?"

"जोर डबल केलास, इंजिन जड घातलंस. ब्रेक कुठले लावले?"

"जुनेच असतील." "साईनाथ काही बोलला नाही."

"तू विचारलंस?"

 मृणालला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच क्षणी कानशिलात द्यावीशीही वाटली. तिने यातलं काहीच केलं नाही. पोलिसांनी कंटेनर हलवल्यावर तिने टोइंगवाल्याला बोलावलं आणि फाटकी गाडी ओढत साईनाथच्या दारात नेली.

साईनाथ गॉगल डोक्यावर ठेवून बाहेर आला आणि सवयीने प्रफुल्लकडेच वळला. "अरे भाई, हे काय केलंस? ठोकली? मॅडमला चालवायला दिलेलीस काय?"

"मॅडमची गाडी आहे," मृणाल म्हणाली. "माझ्याशी बोला. इंजिन बदललंत, आरटीओची परवानगी घेतली होती?"

"मॅडम, ती सगळी प्रोसेस नंतर..."

"आरसीवर एक इंजिन नंबर आणि गाडीत दुसरा. हे इंजिन कुठल्या गाडीचं, त्याचे कागद दाखवा. नाहीतर मी इथूनच पोलीस स्टेशनला जाते, आणि कापलेली गाडी तशीच दाखवते."

साईनाथने पुन्हा प्रफुल्लकडे बघितलं. समजवा हिला, असं त्या बघण्यात होतं. आणि प्रफुल्ल पहिल्यांदाच म्हणाला, "माझ्याकडे काय बघतोयस? ती विचारतेय ना, तिला उत्तर दे."

कागद नव्हते. मग साईनाथची भाषा मवाळ झाली. जुनं इंजिन डायघरच्या एका भंगार गोदामात दिलंय म्हणाला, आणि समोर उभं राहून फोन लावला.

गोदामात इंजिन सापडलं. तेलाच्या चिखलात, कुशीवर पडलेलं. हेड वेगळं करून बाजूला फेकलेलं, खालची तेलाची टाकी फुटलेली. गिअरबॉक्स नव्हता, तो वितळायला गेला होता. मृणाल उकिडवी बसली आणि ओढणीच्या टोकाने तिने ब्लॉकवरचा नंबर पुसून पाहिला. तोच होता. मग ते हेड उचलून मांडीवर घेतलं. किती हट्टाने घासून आणलेलं हेड, आणि त्यावर आता घणाचा घाव होता. गोदामवाला म्हणाला, "मॅडम, कपडे खराब होतील." तिला रडू आलं ते तिथे, त्या अनोळखी माणसासमोर, आणि रडू आलं म्हणून ती आणखी चिडली.

"उचल," ती प्रफुल्लला म्हणाली.

बँकेच्या पांढऱ्या शर्टात त्याने दोन हमालांसोबत इंजिन टेम्पोत चढवलं. शर्ट पार गेला. ती बाजूला उभी राहून बघत होती.

कल्याणला जगनने सगळं बघून डोक्याला हात लावला. "साहेब, याला टाइम लागेल. गिअरबॉक्स कुठून..."

"जगन, गाडी कुणाची?" मृणालने विचारलं.

जगन गोंधळला. "आपली... म्हणजे तुमचीच, ताई."

"मग साहेब कोण?"

जगनने पान थुंकलं, हात पुसले आणि तिच्याकडे वळून उभा राहिला. "बोला ताई. गिअरबॉक्सचं काय करायचं?" एवढं साधं होतं ते. गाडी घेतल्यापासूनच्या तीन वर्षांत कुणी करून दाखवलं नव्हतं.

काम कित्येक महिने चाललं. साईनाथने आपलं इंजिन मुकाट्याने परत नेलं. मृणालने कापलेली भिंत पुन्हा थर देऊन भरली, बोनेटचं भोक बुजवलं, फाटलेली डावी बाजू नव्याने उभी केली. गिअरबॉक्स दुसऱ्याच गाडीचा, जुळवून बसवलेला. तिसऱ्या गिअरला तो गुरगुरतो. हेड वेल्ड करून घेतलं, पण इंजिनाचा तो शिलाई मशीनसारखा आवाज परत आला नाही. आत कुठेतरी बारीक टकटक राहिलीच. जगन म्हणाला, "चालेल ताई, पण पहिल्यासारखी नाही होणार." तिला ते ठाऊक होतं.

प्रफुल्ल त्या काळात रोज काही ना काही करायचा. तिच्यासाठी आईसक्रीम आणायचा, तिची आवडती भाजी करायला आईला सांगायचा. ती खायची आणि बोलायची नाही. मंजुळाबाई दोघांमध्ये निरोप्यासारख्या फिरून थकल्या.

गाडी तयार होऊन आली त्या रविवारी तो पार्किंगमध्ये उतरला. मृणाल दरवाज्याचं रबर बसवत होती. तो जवळ येऊन उभा राहिला.

"ताई, एक सांगू? मी विचारणार होतो तुला. फोन पण हातात घेतलेला. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं."

रबरावरचा तिचा अंगठा थांबला. इतके दिवस तो प्रेम, सरप्राइज, धावपळ असलं काय काय बोलला होता, आणि प्रत्येक शब्दाने तिची आग वाढली होती. हे ऐकून वाढली नाही. विझलीही नाही.

"हे खरं बोललास," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. राग आहे अजून. राहील."

तो मान हलवत उभा राहिला. तिने दरवाजा लावून बघितला, किल्ली फिरवली. इंजिन टकटकत सुरू झालं.

"येऊ?" त्याने विचारलं.

"नाही," मृणाल म्हणाली. "आज नाही."

तो बाजूला सरला आणि गेट उघडायला गेला. ती बाहेर पडली, बदलापूरच्या दिशेला वळली, आणि तिसरा गिअर टाकताना गाडी गुरगुरली तशी तिने दात आवळून ॲक्सिलरेटर दाबला.