होझियाच्या बंदुकीवरची करणी

टॅकेटच्या कुरणात अख्खं खोरं लोटलं होतं. होझिया टॅकेटने साठ पावलांवरच्या फळीवर बार काढला. गोळी फळीला शिवलीसुद्धा नाही.

"करणी!" क्रेकबुवा गरजले. आमच्या केंटकीच्या डोंगरात बंदुकांची भुतं हेच उतरवतात. "नळीत चेटकीण बसलीय!"

बुवांनी सात झऱ्यांचं पाणी उकळून मंत्रासह नळीत ओतलं, सात चिंध्यांनी नळी पुसली. पुढची गोळी फळीच्या मधोमध! बायका भक्तीने रडायला लागल्या. पाचव्या बाराला मात्र गोळी पुन्हा भरकटली, आणि त्याच वेळी कुंपणापाशी पाण्याला निघालेली विधवा ऑर्लीना फ्यूगेट दिसली.

"आली चेटकीण!" बुवा ओरडले. "हिचं घर जाळल्याशिवाय बंदुकीवरची करणी सुटायची नाही!"

बुवांनी पाणी उकळलेल्या जाळातली पेटती लाकडं आम्ही उचलली. ऑर्लीनाने बादली खाली ठेवली.

"होझिया, बंदुकीत दारू किती भरतोस?" तिने विचारलं.

"नेम चुकला की वाढवतो, मावशी. आता दोन मापं."

"आणि नळी पुसतोस कधी?"

"ते बुवा करतात."

"मग गुण पुसण्याचा, आणि मान मंत्राला!" गोळी भरताना तिच्याभोवती गुंडाळतात ती एक चिंधी तिने गवतातून उचलली. जळून चाळण झालेली. "दारू जास्त झाली की ही जळते, गोळीला नळीची पकड राहत नाही. वर प्रत्येक बाराची काजळी साचते. नवऱ्याची बंदूक तीस वर्षं मीच भरून दिलीय. एकदा मी सांगते तसं भर. मग हवं तर जाळा."

होझियाने अर्धं माप, एक माप, दीड माप असे तीन-तीन बार काढले, दर बारानंतर नळी पुसून. भोकं मी मोजली. अर्ध्या मापाच्या गोळ्या खाली, विखुरलेल्या. दीड मापाच्या चौफेर. एका मापाची तिन्ही भोकं माझ्या तळव्याखाली झाकली गेली.

"स्वतःची करणी स्वतःच काढली!" बुवा ओरडले. लोक पुन्हा पुढे सरकले.

"मग मला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडा," ऑर्लीना म्हणाली. "डोळे बांधा, म्हणजे माझी नजर लागली म्हणायला नको. आणि बुवांची मंतरलेली बंदूक झाडा. दोन मापं, न पुसता."

"माझी कशाला?" बुवा मागे सरले.

"का हो बुवा, घाबरलात?" होझियाने त्यांच्या हातातून बंदूक घेतली.

ऑर्लीनाला कोंडलं. पहिल्या दोन गोळ्या फळीत, तिसरी कडेला, चौथी डोंगरात. सहावी गोळी गजाने ठासूनही अर्ध्या नळीत अडकली.

"पाणी आणा," बुवा पुटपुटले.

"पाणी कशाला? मंत्र म्हणा ना!" होझिया म्हणाला. कुणीतरी हसलं. बुवा घोड्याकडे निघाले, त्यांना कुणी अडवलं नाही.

खुराड्याची कडी मीच काढली. ऑर्लीना भिंतीला अंग चिकटवून बसली होती. पट्टी सोडली तरी तिने डोळे उघडले नाहीत. "जाळलंत का?" एवढंच तिने विचारलं.

"नाही, मावशी," मी म्हणालो. पण धुमसतं लाकूड अजून माझ्या डाव्या हातात होतं.

बाबांनो, नेम चुकला तर दारू मोजा, नळी पुसा, पुन्हा झाडून पाहा. तासाभराचं काम आहे. आम्ही ते टाळून एका बाईचं घर जाळायला निघालो होतो.