अन्य वापर : निरंक

शिरसगंजचं एस.टी. स्टँड गावाच्या बरोबर मधोमध होतं, हाच त्याच्यावरचा मुख्य आरोप होता.

शिरसगंजची पालिका पन्नास वर्षं खामगावकडे बघत जगत आली होती. तिकडे कापसाचं जिनिंग झालं की इकडे जिनिंग, तिकडे कारंजं लागलं की इकडे कारंजं. आता एकदा तरी आपण आधी, असं ठरलं. स्टँड चार किलोमीटरवर बायपासला न्यायचं, मोकळ्या जागेवर व्यापारी संकुल बांधायचं आणि दोन्हींच्या मधे वातानुकूलित शहर बस पळवायची.

प्रस्ताव लिहिला चिंतामण गावंडे या वरिष्ठ लिपिकाने. निवृत्तीला सहा महिने राहिलेले, अक्षर मोत्यासारखं, आणि नमुन्यातला एकही रकाना कोरा सोडायचा नाही ही सवय. सतरावा रकाना होता 'स्थानकाचा अन्य वापर'. चिंतामणने तिथे 'निरंक' लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि घाईने उठला. अकरा वाजत आले होते, आणि सोनाळ्याच्या गाडीतून त्याचा डबा उतरायचा होता.

सोनाळ्याला त्याची मोठी बहीण कोकिळा दिलेली. तिला सगळे आक्का म्हणत. चिंतामणची बायको वासंती स्टँड हललं त्याच्या बारा वर्षं आधी गेली, आणि तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आक्काने सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ भावासाठी डबा दिला. तेव्हापासून तो रोज येत होता. चौकशीच्या खिडकीखाली एक लाकडी बाक होता. त्यावर आजूबाजूच्या खेड्यांतून आलेले वीस-पंचवीस डबे रांगेत बसलेले असायचे. खोली करून राहणाऱ्या पोरींचे, दवाखान्यातल्या पेशंटांचे, नवीन लागलेल्या मास्तरांचे. कुणाचंही नाव कुठे लिहिलेलं नसायचं आणि कुणीही दुसऱ्याचा उचलायचं नाही.

संध्याकाळच्या गाडीने डबा परत जायचा. रिता डबा पाठवायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. मग चिंतामण त्यात दोन लिंबं टाकायचा, गुळाचा खडा टाकायचा. आक्काच्या बी.पी.च्या गोळ्या संपत आल्या की भाकरीखाली रिकामं पाकीट यायचं. संध्याकाळी भरलेलं पाकीट जायचं. आणि भरलेला डबा तसाच परत गेला तर त्याचे अर्थ दोनच. एक तर घरात सुतक, नाहीतर नातं संपलं.

हे सगळं एवढ्या तपशिलात ठरलेलं असायचं कारण म्हणजे बहीणभाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

वासंती गेल्याच्या पुढच्या वर्षी चिंतामणने रोहिणखेडच्या वडिलोपार्जित वावराच्या हक्कसोडपत्रावर आक्काची सही घेतली. "नुसती सही आहे, आक्का," असं म्हणाला. महिन्याभरात वावर विकलं गेलं आणि त्याचा मुलगा चिन्मय पुण्यात सातव्या मजल्यावर राहायला गेला. आक्का भांडली नाही. तिने बोलणं बंद केलं, एवढंच. डबा मात्र बंद झाला नाही. चिंतामणने त्याचा अर्थ आपल्यापुरता लावून घेतला : बोलत नाही म्हणजे रागावली आहे, डबा पाठवते म्हणजे माफ केलं आहे. या अर्थावर तो अकरा वर्षं दुपारचं जेवला.

सोमवारी नवीन स्टँडचं उद्घाटन झालं. निवृत्तीला तीन वर्षं झाली तरी 'मूळ संकल्पना' म्हणून चिंतामणला बोलावलं, शाल-नारळ दिलं आणि शहर बसला झेंडा दाखवताना फोटोत उभं केलं. भाषणं दीड वाजेपर्यंत चालली. डब्याची आठवण त्याला अकरा वाजताच झाली होती. पण मंचावर दुसऱ्या रांगेत खुर्ची होती, आणि दुसऱ्या रांगेतून उठणं बरं दिसत नाही.

मंगळवारी तो शहर बसने बायपासला निघाला. बस सुंदर होती. आतल्या पट्टीवर पुढच्या थांब्याचं नाव उमटत होतं, आणि पुढचा थांबा पाऊण तास तोच होता. स्टँड हललं तरी रसवंत्या, फळगाड्या आणि ऑटो हलले नव्हते. त्यांना प्रस्तावाची प्रत मिळाली नसावी. तो पोचला तेव्हा सोनाळ्याची गाडी निघून गेली होती. बुधवारी तो अर्धा तास आधी निघाला. गेटजवळ उतरला तेव्हा गाडी वळण घेत होती, आणि ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर डब्याची, निळ्या लुगड्याच्या काठाची पिशवी त्याला स्पष्ट दिसली. त्याने हात केला. मागून धूळ आली.

गुरुवारी ऑटो करून तो दहालाच हजर झाला. खिशात गोळ्यांचं पाकीट होतं. गाडी आली, कंडक्टर रंगराव खाली उतरला.

"आज डबा नाही, गावंडेसाहेब."

"काऊन?"

"मले काय माहीत? तीन दिवस भरेल डबा वापस नेऊन देल्ला मी. तो गेटवरचा इथं ठेवूच देत नाही. म्हनते, बेवारस वस्तू हाय, बॉम्ब निंगाला त?"

"भाकरीत बॉम्ब?"

"तेच म्हनलं त्याले. त म्हने, उघडून दाखव. मी म्हनलं, लोकाचा डबा मी उघडत नसतो बे."

"मंग आक्काले तसं सांगितलं काऊन नाही?"

"सांगाले तोंड उघडलं का ती पिशवी घे अन् चालू लागे. तुमच्या घरची मानसं बोलतात कुटं?" रंगरावने पायरी चढून घंटीची दोरी धरली. "याचं असन त या. दहा मिनिटाचाच थांबा हाय इथं आता. कोन्या शहान्यानं ठरोला देव जाने."

त्या शहाण्याने गुपचूप तिकीट काढलं.

आक्का ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. अकरा वर्षांत ती लहान झाली होती. बोटं तेवढी जाड झाली होती, सांध्यांवर गाठी आल्या होत्या. तिने वर पाहिलं आणि सोलत राहिली.

"कोन मेलं?"

अकरा वर्षांनंतर तिने त्याला विचारलेली पहिली गोष्ट ही होती.

"कोनी नाही मेलं, आक्का."

"म्हंजे सुतक नाही तुया घरी."

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि दुसरं सूप पुढे ओढलं.

मग चिंतामणने सांगितलं. बायपास, गेटवरचा माणूस, बॉम्ब, शहर बस, मंगळवार, बुधवार. सगळं खरं होतं. तरी सांगताना त्याचं त्यालाच ते एखाद्या खुलाशासारखं वाटायला लागलं, ज्याखाली सही करायची राहिली आहे. आक्काने मधे एकदाही तोडलं नाही.

"पेपरात पाह्यलं तुले," शेवटी ती म्हणाली. "शाल घेऊन राह्यला होता. हर्षलनं वाचून दाखोलं, का हे मामाचीच कल्पना होय म्हने. मी म्हनलं, पाय बाप्पा. भावाले डबा नको असन, पन तोंडानं सांगता येत नाही, म्हून त्यानं स्टँडच हालोलं."

चिंतामण हसला. ती हसली नाही.

"माया मनात आलंच नाही व, आक्का. डब्याचं ध्यानातच नाही राह्यलं लिहिताना."

"हाव. तवा वावराच्या टायमालेही तू असाच म्हनला होता. बहिनीचं ध्यानातच नाही राह्यलं म्हने."

शेंगा फुटत होत्या. आतून रेडिओ की टीव्ही, काहीतरी बोलत होतं. चिंतामणने खिशातलं पाकीट काढून सुपाच्या कडेला ठेवलं.

"हर्षलनं आनल्या परवाच," ती म्हणाली. "राहू दे. खराब थोडीच होतात."

"मी रोज दहालेच बायपासवर जाऊन उभा राहीन," चिंतामण म्हणाला. "रंगराव माया हातातच देईन. एक दिवसही चुकनार नाही. मी आता रिकामाच असतो."

आक्काने हातातली शेंग खाली ठेवली. पदराला हात पुसले, एकेक बोट वेगळं.

"चिंतू," ती म्हणाली. या नावाने त्याला हाक मारणारं दुसरं कुणी आता जिवंत नव्हतं. "आज सकाळी मी सातपर्यंत झोपली. बारा वर्सांत पह्यल्यांदा. ऊन आलं तोंडावर तवा उठली. हात दुखले नाहीत."

"म्हंजे..."

"मले वाटे, बंद केलं त लोकं म्हनतीन, वावरासाठी भावाची भाकर तोडली. तूही म्हनशीन. म्हून पाठोत होती. पावसात पाठोला, तापात पाठोला, हर्षलच्या लग्नाच्या दिवशी पाठोला. आता तुयाच हातानं बंद झालं. माया अंगावर नाही आलं." तिने शेंग पुन्हा उचलली. "बरं झालं. राग नको धरू. मीबी नाही धरला."

खरोखरच धरला नव्हता. तिच्या आवाजात कुठे टोचणी नव्हती, आणि चिंतामण तीच शोधत होता. टोचणी असती तर तिच्याशी भांडता आलं असतं, पाय धरता आले असते.

"जेऊन जाय," ती म्हणाली. "आलाच हायस त."

तिने ताट वाढलं. तुरीच्या सोल्यांची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. तव्यावरची भाकर थेट ताटात टाकली, तेव्हा चिंतामणचं बोट पोळलं. बारा वर्षं तो हीच भाकर खात होता. ती इतकी मऊ असते हे त्याला माहीत नव्हतं. त्याने सावकाश खाल्लं. तिने दुसरी वाढली. तिसरीला त्याने नको म्हटलं नाही, पोट भरलं होतं तरी, कारण तिसरी संपेपर्यंत उठायचं कारण नव्हतं.

आक्काने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अडीचची हाय," ती म्हणाली. "ते गेली का मंग साडेपाचलेच."

"साडेपाचनं जाईन मी."

"अंधार पडते तिकडं. अन् बायपासवरून अजून गावात जाचं हाय तुले." तिने त्याचं ताट उचललं. "अडीचची पकड. चाल, हात धू."