सोळा हजार चारशेचा सुळका

भिंगरीने पेन आपटलं आणि दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबले.

"झालं सुरू," वकील म्हणाला. कुणाशीही, कशावरही वाद घालायला एका पायावर तयार, म्हणून वर्गाने त्याला ठेवलेलं हे नाव. "सर, हिच्या कानात पुन्हा डास शिरला."

"डास नाहीये तो! सुईसारखं आहे. ईऽऽऽ असं, अखंड. तुम्हाला खरंच नाही येत ऐकू?"

विज्ञानाच्या सरांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटले आणि मान तिरकी करून अगदी प्रामाणिकपणे ऐकलं. "पंखा," ते म्हणाले. "रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेतंय. आणि वकिलाचं पोट. बाकी काही नाही गं बाई."

सगळे हसले. वाचनालयातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर, पुस्तकांच्या मोठ्या कपाटाला खेटून, त्यांचा सराव चालायचा. शाळाशाळांमधली विज्ञानाची प्रश्नमंजूषा तोंडावर आली होती आणि शाळेच्या संघात तिघं होती: वकील, एक मिनिटही उशीर न करणारी घड्याळ आणि भिंगरी. चाचणीत पहिली आलेली भिंगरी. पण या टेबलाशी बसलं की तिच्या डोक्यात ती सुई शिरायची, कपाळ ठणकायला लागायचं आणि येत असलेलं उत्तरही कुठल्या कुठे पळायचं. मग ती पाणी प्यायला उठायची. मग पुन्हा उठायची.

आता गंमत अशी, की जन्मापासून एका जागी न बसलेल्या मुलीने "आवाजामुळे बसवत नाही" असं म्हटलं, तर विश्वास कोण ठेवणार? आई म्हणाली, मोबाइल कमी कर. बाबा म्हणाले, झोप वाढव. कानाच्या डॉक्टरांनी आत टॉर्च मारून पाहिलं आणि कान एकदम छान असल्याचं सांगितलं. तेही बिचारे खरंच बोलत होते!

सरांनी त्या दिवशी वही मिटली आणि हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, तू हुशार आहेस, मला माहितेय. पण स्पर्धेत उठता येत नाही. उद्याच्या सरावात तू जागेवर टिकलीस तर ठीक. नाहीतर चाचणीत चौथा आलेल्याला घ्यावं लागेल मला."

भिंगरी घरी गेलीच नाही. दप्तरासकट थेट आत्याच्या कारखान्यात जाऊन थडकली.

कारखाना म्हणजे एकच खोली. आत्या तिथे बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायची. टेबलावर उघडे पडलेले अॅम्प्लिफायर, डबीत स्क्रू, हवेत तारांना डाख दिल्याचा, वितळलेल्या धातूचा वास. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि डाख द्यायची कलम स्टँडवर ठेवली.

"तुझा कान खरा की खोटा हे मी सांगणार नाही," ती म्हणाली. "कारण मला कळायला मार्ग नाही. तूही सांगू नकोस. दाखव."

"आवाज कसा दाखवू? तो काय फोटो आहे?"

"आहे की." आत्याने कपाटातून पाठ्यपुस्तकाएवढं एक यंत्र काढलं. ऑसिलोस्कोप. पुढे पडदा, बाजूला गोल बटणं, आत बॅटरी. त्याला तिने बोटभर माइक जोडला आणि शीळ घातली. पडद्यावर पिवळी रेघ लाटांसारखी डुलायला लागली, एकसारखी, गुळगुळीत. भिंगरीने आ वासला.

"ही झाली वेळ. आवाज क्षणाक्षणाला कसा वरखाली होतो ते. आता तूही बोल, मी टेबल वाजवते." लाटांचा पार गुंता झाला. "काय समजलं?"

"काहीच नाही. मधली सुट्टी झाल्यासारखं वाटतंय."

"बरोब्बर. मधल्या सुट्टीत कोण ओरडतंय ते कळत नाही. म्हणून हजेरी घ्यायची." तिने एक बटण दाबलं आणि गुंता नाहीसा झाला. त्याजागी डावीकडून उजवीकडे लहानमोठे सुळके उभे राहिले. "ही झाली वारंवारता. जाडे आवाज डावीकडे, बारीक उजवीकडे, प्रत्येकाने आपापल्या जागी उभं राहायचं. जो जितका मोठा, त्याचा सुळका तितका उंच. तुझी सुई खरी असेल तर एकटीच कुठेतरी उभी दिसेल."

"आणि नसेल तर?"

"तर यंत्र मला परत आणून दे आणि गुमान जागेवर बस."

दुसऱ्या दिवशी सरावाला भिंगरी यंत्र छातीशी धरून आली. घड्याळ आधीच येऊन बसली होती. वकील म्हणाला, "आता काय, कानाचा एक्सरे?" भिंगरीने दुर्लक्ष केलं. तिने माइक टेबलावर ठेवला, यंत्र सुरू केलं, आणि पडद्यावर, देवाशप्पथ, एक सुळका सरळ ताठ उभा होता! इतका बारीक आणि इतका एकटा की तिला त्याला मिठी मारावीशी वाटली.

"सर! हा बघा! तीन हजार सहाशे! सेकंदाला तीन हजार सहाशे कंपनं!"

सर वाकले. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, काहीतरी टिचकवलं आणि पींऽऽऽ असा आवाज खोलीभर घुमला. "हा तीन हजार सहाशेचा आवाज," ते म्हणाले. "हा मला ऐकू येतो. वकिलाला येतो. खालच्या शिपाईकाकांनाही आला असेल. तुझी सुई अशी आहे का?"

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही," ती म्हणाली. "माझी खूप बारीक आहे."

"मग हा तुझा आवाज नाही. आणि असा आवाज खोलीत असता तर आपण सगळ्यांनी कान धरले असते. म्हणजे हा यंत्राचाच काहीतरी घोळ."

"साक्षीदारच फितूर निघाला," वकील पुटपुटला.

सरांना हसू आलं नाही. ते नुसतं म्हणाले, "मी प्रश्नांचे कागद घेऊन येतो. आलो की बसायचं, काय?" आणि गेले.

भिंगरी पडद्याकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते, आणि डोळे भरले की तिला राग यायचा, आणि राग आला की तिची बोटं काहीतरी फिरवल्याशिवाय राहत नसत. तिने वेळेचं बटण एक घर फिरवलं.

सुळका उडाला.

म्हणजे गेला नाही. आधीची जागा सोडून आठ हजार सहाशेवर जाऊन उभा राहिला. भिंगरीने डोळे पुसले. सुई तर कानात होती तशीच टोचत होती, तसूभरही बदलली नव्हती. मग हा कसा बदलला?

"खरा आवाज बटण फिरवल्याने हलेल का?" ती मोठ्याने म्हणाली.

"नाही हलणार," घड्याळ लगेच म्हणाली. "तू खोलीला थोडंच फिरवलंस?"

भिंगरीने आत्याला फोन लावला. पलीकडे ड्रिल घरघरत होतं. "आत्या, सुळका पळतोय!"

"तू कशाला हात लावलास?"

"काल तू लावून दिलं होतंस ना, ते मी... वेळेचं बटण फिरवून ताणलं, जास्त वेळ दिसावा म्हणून. जास्त दिसलं की जास्त कळेल, असं वाटलं."

"वा गं माझी शहाणी. वर कोपऱ्यात बारीक अक्षरं आहेत, ती वाच."

"पंचवीस हजार."

"यंत्र सेकंदाला तेवढ्या वेळा डोळा उघडतं. तू वेळ ताणलीस तसा त्याचा डोळा आळशी झाला. मोबाइलमध्ये फिरत्या पंख्याचा व्हिडिओ बघितलायस ना? पाती उगाच रांगताना दिसतात. खोटी गती. डोळा पटापट उघडला तरच खरं दिसतं. फिरव पुढे, आणि कुठे थांबतो ते बघ." फोन कट. आत्याचं असंच.

भिंगरीने बटण फिरवलं. कोपऱ्यात पन्नास हजार उमटले. सुळका टुणकन उडून सोळा हजार चारशेवर गेला. तिने श्वास रोखला आणि अजून एक घर फिरवलं. एक लाख. सोळा हजार चारशे. अजून एक. सोळा हजार चारशे! कितीही फिरवा, पठ्ठ्या जागचा हलेना!

ती खुर्चीवर चढली. "सापडला! सापडला, सापडला, सापडला!"

"खाली उतर, सर येतायत," घड्याळ म्हणाली, पण तीही हसत होती.

सर दारातच थांबले. भिंगरीने एका दमात सगळं सांगितलं: आळशी डोळा, पंखा, पळणारा सुळका, न पळणारा सुळका. सरांनी स्वतः बटण मागेपुढे फिरवून पाहिलं. तीन हजार सहाशे, आठ हजार सहाशे, सोळा हजार चारशे, आणि मग तिथेच. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "हे मी पुस्तकातून दरवर्षी शिकवतो," ते सावकाश म्हणाले, "आणि समोर आलं तेव्हा ओळखलं नाही. पण मग मला का ऐकू येत नाही?"

"मोबाइलवर लावा ना सर. सोळा हजार चारशे. पण इथे नको, इथे तो आधीच आहे. व्हरांड्यात."

व्हरांड्यात त्यांचा निम्मा वर्ग रेंगाळत होता. भिंगरीने सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "आवाज आला की हात वर, थांबला की खाली. मागे बघायचं नाही!" सर पाठीमागे मोबाइल लपवून उभे राहिले. त्यांनी बोट टेकवलं. त्यांच्या चेहऱ्यावरून तरी काहीच झालं नव्हतं.

रांगेतले हात वर गेले. दोनतीन सोडून सगळे! त्या दोनतिघांत घड्याळही होती.

सरांनी बोट उचललं. हात खाली. टेकवलं, वर. उचललं, खाली. सर लहान मुलासारखे भराभर टेकवत-उचलत राहिले आणि रांग कवायत केल्यासारखी हात हलवत राहिली.

"माझ्यासाठी तर पूर्ण शांतता आहे," सर म्हणाले. "म्हातारा झालो की रे मी!"

"म्हातारे नाही सर," भिंगरी म्हणाली, "वय वाढलं की वरचे आवाज आधी गळतात, एवढंच. आमचेही गळतील."

तेवढ्यात तिचं लक्ष वकिलाकडे गेलं. त्याचा हात सगळ्यांत आधी वर जात होता.

"तुला येतो ऐकू?"

वकिलाने हात खाली घेतला. कानाची पाळी लाल झाली होती. "पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "मला वाटलं माझ्या कानात काहीतरी बिघडलंय. तू बोललीस तेव्हा... मीही बोललो असतो तर मलाही काढतील, अशी भीती वाटली. म्हणून डास डास करत बसलो."

भिंगरीच्या जिभेवर दहा टोमणे आले. तिने ते गिळले, कारण अजून शिकार बाकी होती. "माइक धर," ती म्हणाली. "आणि मी सांगेन तिकडे चाल."

वरात निघाली. पुढे माइक धरलेला वकील, मागे पडदा बघणारी भिंगरी, तिच्या मागे सर आणि अख्खा वर्ग. खिडकीकडे गेलं की सुळका खुजा व्हायचा. ट्यूबलाइटखाली काही फरक नाही. टेबलाकडे वाढला. कपाटाकडे अजून वाढला. कपाटाच्या मागच्या फटीत वकिलाने हात घातला आणि सुळका पडद्याच्या छताला जाऊन टेकला.

"इथे! हलवा कपाट!"

गोंगाट ऐकून मोठ्या बाई आल्या. मुख्याध्यापिकेला शोभेल असा चेहरा करून त्या दारात उभ्या राहिल्या. "हे काय चाललंय?"

कपाट करकरत सरकलं. मागे भिंतीतल्या सॉकेटमध्ये एक पांढरी डबी खोचलेली होती, तिच्यावर हिरवा दिवा आणि पळणाऱ्या उंदराचं चित्र.

मोठ्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "हे मीच लावलं होतं सुट्टीत. पुस्तकं कुरतडत होते ना! दुकानदार म्हणाला, माणसाला ऐकू येत नाही, फक्त उंदीर पळतात."

"आम्ही पळत होतो बाई," भिंगरी म्हणाली. आधी सर हसले, मग सगळे, आणि शेवटी बाईही.

घड्याळ खाली वाकली होती. "आणि हे बघा," ती म्हणाली. डबीच्या बरोब्बर खाली, ज्ञानकोशाच्या चिंध्यांचं एक ऊबदार घरटं होतं आणि त्यात गुलाबी, डोळे मिटलेली, गाढ झोपलेली उंदराची पिल्लं.

"यांना अंगाई वाटत असणार," वकील म्हणाला.

"काढ ती डबी," बाई भिंगरीला म्हणाल्या. "मान तुझा."

भिंगरीने ऑसिलोस्कोप सरांच्या हातात दिला. सगळे पडद्याभोवती दाटीने उभे राहिले. तिने डबी ओढली. हिरवा दिवा विझला आणि सोळा हजार चारशेचा तो ताठ सुळका एका क्षणात जमीनदोस्त झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा पडद्यावर सुळक्यांचं जंगल उगवलं, आणि टाळ्या थांबल्यावर तेही ओसरलं.

मग आली ती शांतता. भिंगरीने ती नीट ऐकली. पंखा होता, रस्ता होता, वकिलाचं पोटही होतं. सुई नव्हती. कपाळ हलकं झालं होतं, जणू घट्ट बांधलेला रुमाल कुणीतरी सोडला. वकिलाने हळूच स्वतःच्या कानाला हात लावून पाहिला आणि तिच्याकडे बघून मान डोलावली.

कपाट जागेवर गेलं. पिल्लांचं काय करायचं यावर बाई आणि खालून वर आलेले शिपाईकाका यांची चर्चा सुरू झाली. भिंगरी मात्र आपल्या खुर्चीवर जाऊन बसली, पाठ ताठ, पेन हातात, पाय जमिनीवर.

"सर," ती म्हणाली, "विचारा प्रश्न. आज मी उठत नाही."

सरांनी कागद हातात घेतला, एकवार पाहिला आणि बाजूला ठेवला. "आधी एक माझा," ते म्हणाले. "ते पंख्याचं पुन्हा सांग. उद्या मला ते वर्गात शिकवायचंय."