दोन हजार तीनशे दिवस आणि एक कणगी

मी एक जुनी कणगी आहे. मित्रांनो, आता स्वतःला कणगी म्हणवून घ्यायचीही लाज वाटते, कारण चार वर्षांत माझ्या पोटात दाणा पडलेला नाही. आफ्रिकेतल्या मालावी देशात, डेड्झा डोंगराखाली, एनेलेसीच्या अंगणात मी उभी आहे. माझ्या खुंटांना वाळवी लागली आहे. एनेलेसी हल्ली मका घरातच गोण्यांमध्ये ठेवते आणि माझ्याकडे बघतही नाही.

मला विणलं तिच्या नवऱ्याने, झाकेयोने. आमच्याकडे लग्नानंतर नवराच बायकोच्या गावी राहायला येतो आणि तो कणगी कशी विणतो यावर त्याची पारख होते. त्याची वीण पाहून बायकोचा थोरला भाऊ लामेकी म्हणाला होता, "जावईबापू, आत शिरायला उंदरालाही परवानगी मागावी लागेल." दोघांचं तेव्हा छान जमायचं. चर्चमध्ये एकाच बाकावर बसायचे. मका माझ्या गळ्यापर्यंत यायचा आणि झाकेयोची लेक तियामिके माझ्या सावलीत खेळायची. फार चांगली वर्षं होती ती.

मग झाकेयो बायबलमधलं दानीएलाचं पुस्तक घेऊन बसला. त्यातले दोन हजार तीनशे दिवस म्हणजे तितकी वर्षं, असं धरून त्याने माझ्याच अंगावर कोळशाने आकडेमोड केली. मका तयार होण्याआधी प्रभू परत येणार आणि हे जग संपणार, असं उत्तर निघालं.

लामेकी चर्चचा शिक्षक. तो म्हणाला, "ते दिवस मंदिर विटाळणाऱ्या एका जुन्या राजाचे. कधीच सरले. आणि परत येण्याचा दिवस कुणालाच ठाऊक नाही, असं प्रभूच म्हणाला ना?"

"दिवस म्हणाला, मेहुणे. वर्ष नाही म्हणाला."

"कालपर्यंत कामट्या सोलत होतात, आज देवाचं वेळापत्रक काढताय होय?"

चर्चच्या मंडळीत दोन तट पडले. प्रभुभोजनाला एका पेल्यातून पिणं बंद झालं. झाकेयोने पेरणी केलीच नाही. माझं छप्पर उचलून त्याने येईल त्याला मका वाटला. चुलीवर धुरात टांगलेली बियाण्याची कणसंही त्याने उतरवली.

"अहो, बियाणं तरी राहू द्या," एनेलेसी म्हणाली.

"कापायला कोण असणार आहे?" तो हसून म्हणाला. त्याचा खरोखरच विश्वास होता.

बहिणीच्या घरात आमच्याकडे भावाचा शब्द चालतो. लामेकीने नुसतं बजावलं असतं तरी शेत पेरलं गेलं असतं. पण झाकेयोची फजिती होऊ दे, मग बोलू, असं म्हणून तो गप्प राहिला. माझा राग त्याच्यावर जास्त आहे.

ठरलेल्या दिवशी झाकेयोच्या बाजूची मंडळी पांढरे कपडे घालून डोंगरावर गेली आणि सूर्य मावळल्यावर खाली आली. झाकेयो म्हणाला, एका वर्षाची चूक झाली. पेरणीचा पाऊस तोवर निघून गेला होता.

मग भूक आली. एके दिवशी लामेकी खांद्यावर पिठाचं पोतं घेऊन अंगणात आला. "मंडळीसमोर एकदा कबूल करा, मी चुकीचं वाचलं. पोतं इथेच ठेवतो."

"वचन चुकलेलं नाही, मेहुणे."

दोघांनी आपापलं शास्त्र उघडलं. माझ्या सावलीत चटईवर तियामिके पडली होती. तिने दोनदा न्सिमा मागितला, मक्याच्या पिठाचा गरम गोळा. एनेलेसी पोत्याकडे वळली तेव्हा भावाने त्यावर हात ठेवला. दुपार टळेपर्यंत ते वाचत राहिले आणि शेवटी लामेकी पोतं उचलून परत गेला.

दुसऱ्या सकाळी तो पोतं घेऊन पुन्हा आला. या वेळी त्याने काहीच अट घातली नाही. पण तियामिके पहाटेच गेली होती.

पुरून आल्यावर एनेलेसी दोघांना म्हणाली, "काल तुम्ही सगळं वाचलंत. तिच्याकडे एकदाही बघितलं नाहीत."

मित्रांनो, मी अडाणी कणगी. दानीएलाचा अर्थ कुणाचा खरा, ते मला आजही कळत नाही. तुम्ही शास्त्र जरूर वाचा, त्यावरून वादही घाला. पण वादाला बसण्याआधी पोत्याचं तोंड सोडा.