ललिताने माझ्यावर लिहिलं ते

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे. पण जुना झालो तो लाथा खाऊन नव्हे, नुसता पडून राहून. फुटबॉलच्या जातीला याहून मोठी नामुष्की नाही.

जालंधरकडे एका बाईने घरी बसून माझे बत्तीस तुकडे शिवले. पुढे माझ्या पोटावर निळ्या अक्षरांत छापलं गेलं, ‘गरिबीला किक मारा’. तेव्हा विश्वचषक रंगात आला होता. त्या जोशात जगातली गरिबीच हटवू, अशी एका संस्थेची मोहीम निघाली आणि तिच्या गाडीतून मी सावली तालुक्यातल्या एका गावी उतरलो. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत सारं गाव जमलं. मोहिमेच्या साहेबांनी फोटोसाठी मला एक किक मारली. काय उडालो मी! मग ते म्हणाले, "यावर तुमची मागणी लिहा. महिनाभरात गाडी येईल, हा चेंडू मोठ्या सामन्याला जाईल. जगातले पुढारी वाचतील."

आठवीतल्या ललिताने पेन उचललं. जीभ दातात धरून तिने लिहिलं, ‘आमच्या मायले इथीच काम द्या. मले मिरची तोडाले जायचं नाई, शाळेत जायचं.’

धानाचं काम संपलं की त्या गावात मुकादमाची गाडी येते आणि माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. ललिताची माय वच्छला तिलाही सोबत नेई, कारण पोरीला एकटी ठेवणार कुणाजवळ? दरवर्षी दोन-दोन महिने शाळा बुडे.

गावाने मग एक चूक केली, आणि ती भाबडेपणाने केली. अक्षरं मिटू नयेत म्हणून मला कुणी पायच लावीना. अंगणवाडीच्या अंजनाबाईंनी मला पिशवीत बांधून कपाटावर ठेवलं. पोरी चिंध्यांचा चेंडू करून खेळत आणि मी वर बसून त्यांचा कालवा ऐके. माझा जीव तुटायचा.

ललिता रोज दारात येई. "बाई, गाडी आली का जी?"

"नाई वो, अजून नाई आली."

आली ती मुकादमाची. ललिता बोचकं काखेत मारून धावत आली. "बाई, ते साहेब आले त थांबा म्हणजा. माहं वाचल्याशिवाय जाऊ नोका म्हणा."

साहेब आले नाहीत. ललिता परतली तेव्हा तिच्या बोटांची आग होत होती आणि परीक्षा होऊन गेली होती. पुढल्या वर्षी ती शाळेत गेलीच नाही. माझ्यातली हवा हळूहळू गेली. खरं सांगतो, माझी आशाही तशीच गेली.

चार वर्षांनी पुन्हा विश्वचषक आला आणि पुन्हा गाडी आली. साहेब नवे, चेंडू नवा, घोषणा नवी. अंजनाबाईंनी मला पुढे केलं. साहेबांनी माझ्या पोटावरची छापील ओळ तेवढी वाचली, "अरे वा, जुना उपक्रम!" म्हणाले आणि खाली ठेवलं. मागची बाजू त्यांनी उलटून पाहिली नाही.

त्यांनी ललिताला पेन दिलं. "ताई, तुम्ही पण लिहा."

"मागचं कोणी वाचलं काय जी?" तिने विचारलं. साहेब नुसते हसले.

तिने पेन परत केलं. त्यांच्याच पंपाने माझ्यात हवा भरून घेतली आणि मला बांधीतल्या लहान पोरींकडे टाकलं. "खेळा वो. मिटलं तरी चालते."

मित्रांनो, जन्मभर मी ज्याची वाट पाहिली, ते त्या दिवशी मिळालं. पोरींनी मला मनसोक्त तुडवलं. धसकटांवर, ढेकळांवर घासत ललिताची अक्षरं एकेक करून गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावर ‘शाळेत’ एवढाच शब्द उरला होता, तोही अर्धा.

फुटबॉलला लाथा मारा, मित्रांनो, तो त्याचसाठी असतो. पण वाचायचं नसेल, तर कुठल्या पोरीच्या हातात पेन देऊ नका.