महाराजांना दिसलेली जखम

त्या मंगळवारी लालबागच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चाळीसेक बायका, दारात पुरुष, आणि सगळ्यांच्या मधोमध लक्ष्मीवहिनींचा मोबाईल. पडद्यावर अंतःसाक्षी महाराज, भगवी शाल पांघरून, डोळे मिटून बसलेले. डोळे उघडले आणि महाराज म्हणाले, "लक्ष्मी, तू कणकवलीची लेक. तुझ्या उजव्या तळपायाला जखम आहे. सहा महिने भरत नाही. ध्यानात मला ती दिसली, बाळ."

बायकांनी हात जोडले.

"मास्तर, मी कोणाक सांगूक नाय," वहिनी मला म्हणाल्या. डोळे भरले होते. "मगे ह्येंका कशी कळली?"

मी राजरत्न. नायगावच्या शाळेत तेवीस वर्षं विज्ञान शिकवतो. आणि मी काय बोललो? "वहिनी, एवढं दिसतं तर आपली लिफ्ट कधी दुरुस्त होणार, तेही विचारा."

दारातले पुरुष खो खो हसले. वहिनींनी मोबाईल पदराखाली घेतला आणि पुन्हा माझ्यासमोर महाराजांचं नाव काढलं नाही. त्यांनी मला खरा प्रश्न विचारला होता. मी त्याचं उत्तर शोधलं नाही.

महाराज रोज सकाळी मोबाईलवर हजर. "लक्ष्मी, सुई म्हणजे रसायन, रसायन म्हणजे शत्रू. सुई सोड. सिद्धजल तीन वेळा घे, कुरियरने घरपोच येईल. खंड पडला तर दोष तुझा, माझा नव्हे." काय सोय होती बघा! बरी झाली तर महाराजांमुळे, मेली तर स्वतःमुळे.

वहिनींनी मधुमेहाचं इन्सुलिन सोडलं. त्यांचे यजमान दौलतभाऊ, बसचे निवृत्त कंडक्टर, रोज फ्रीजमधली बाटली बघायचे. म्हणून वहिनी रोजचं औषध सिरिंजमध्ये ओढून मोरीत सोडायच्या. हे त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलं, पण पाचव्या आठवड्यात, पाय काळा पडल्यावर, परळच्या हॉस्पिटलात. गुडघ्याखालून पाय काढला. तोवर विष रक्तात भिनलं होतं. चौथ्या दिवशी वहिनी गेल्या. एकोणसाठाव्या वर्षी.

तेराव्याला त्याच हॉलमध्ये आम्ही जमलो. पाचव्या मजल्यावरच्या कमलाबाई हळूच म्हणाल्या, "मध्ये दोन दिवस तिचं जल चुकलं होतं. महाराज बोलले होते, खंड नको." दोघीतिघींनी माना डोलावल्या.

तेवढ्यात वहिनींच्या फोटोशेजारी ठेवलेला त्यांचा मोबाईल वाजला. दौलतभाऊंनी तो उघडला.

"लक्ष्मी, आज पहाटे ध्यानात तुला पाहिलं. जखम सुकते आहे. किती छान चालतेस, बाळ! चेहऱ्यावर तेज आलंय."

दौलतभाऊ फोटोकडे बघत म्हणाले, "ती गेली, ता ह्येका म्हायत नाय?"

"महाराज तिच्या आत्म्याशी बोलतायत," कमलाबाई पुटपुटल्या.

वहिनींची मुलगी आकांक्षा उठली. परळच्या एका जाहिरात कंपनीत ती कामाला. मला वाटलं, ही आता कमलाबाईंवर ओरडणार. पण ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"काकी, एक नाव सांगा. जगात नसलेल्या माणसाचं. गाव खोटं, दुखणंही खोटं."

कमलाबाई गोंधळल्या. "खंडू. गाव... भोपळेवाडी. पाठीत गळू झालंय."

आकांक्षाने त्या नावाने फेसबुकवर नवं खातं उघडलं, गाव लिहिलं, आणि महाराजांच्या व्हिडिओखाली टाकलं, 'पाठीतल्या गळवाने झोप नाही.' लगेच उत्तर आलं, 'नंबर द्या, आशीर्वाद पाठवतो.' तिने आपला दुसरा नंबर दिला. जेवणाची पानं उचलेपर्यंत व्हिडिओ हजर.

"खंडू, तू भोपळेवाडीचा सुपुत्र. तुझ्या पाठीतलं गळू मला ध्यानात दिसलं, बाळ."

कमलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आईनेही असंच लिहिलं होतं," आकांक्षाने वहिनींच्या मोबाईलवर तो मजकूर काढून दाखवला. जखम, उजवा पाय, सहा महिने, सगळं त्यात होतं. व्हिडिओखाली लिहिणं म्हणजे जगाला सांगणं, हे वहिनींच्या ध्यानातच आलं नव्हतं. "महाराज कॅमेऱ्यासमोर बसला असेल एकदाच, तासभर. पुढे एआय त्याचा चेहरा हलवतं, त्याच्या आवाजात आपलं नाव घेतं. लोकांनी लिहिलेलं वाचून तेच परत ऐकवतं. दिवसाला हजारोंना. त्याला माणूस जिवंत आहे की नाही, कळत नाही. मी हेच काम करते. आम्ही साड्या विकतो, हा पाणी विकतो."

"मगे आधी कित्याक नाय सांगलंस?" दौलतभाऊंनी विचारलं.

"आईने मला तो व्हिडिओ पाठवला होता, बाबा." ती म्हणाली. "मी उघडलाच नाही."

मग कमलाबाई म्हणाल्या, "बीपीच्या गोळ्या मी महिन्याभरापासून बंद केल्यात." मागून आणखी एकीने सांगितलं, मग तिसरीने. आमच्या एका इमारतीत सात जणी निघाल्या. त्याच संध्याकाळी सातही जणींना आम्ही दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार दिली. महाराजांचं पान आजही चालू आहे.

म्हणून हे लिहितो. मोबाईलमधल्या कुणी तुमचं दुखणं ओळखलं, तर ते तुम्ही कुठे लिहिलं होतं ते आधी आठवा. औषध सोडायला सांगितलं, तर खोटं नाव लिहून त्याची परीक्षा घ्या. खरा डॉक्टर विचारतो, हात लावून बघतो, रिपोर्ट मागतो, कधी 'माझं चुकलं' असंही म्हणतो. जो काही विचारत नाही, तपासत नाही आणि कधीच चुकत नाही, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका.