हलका हात

माझा हात हलका आहे, असे शिरूरपासून निमोण्यापर्यंतची माणसे सांगतात, आणि खोटे कशाला बोलू, ते ऐकायला मला आवडते. दौंडच्या एका दवाखान्यात मी सुई धरायला शिकले, लग्नानंतर शिरूरला आले, आणि आता स्कूटीवरून वाड्या-वस्त्यांवर फिरून घरोघरी इंजेक्शने देते, सलाइन लावते. कांदे काढून झाले की धडधाकट माणसेसुद्धा ‘ताकदीची पिवळी बाटली’ लावून मागतात, आणि मी देवाची तसबीर उतरवून त्याच खिळ्याला ती टांगते. या कामात एक गंमत मात्र पाहिली आहे. सुई दिसली की माणूस तोंड फिरवतो. त्यामुळे मी वर्षानुवर्षे टोचत आलेल्या कित्येकांना माझा हात ओळखू येतो, चेहरा नाही.

निमोण्याच्या पुतळाबाई त्यांतल्याच. साखरेपायी त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला होता आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू होते. मुलगा सत्यजीत सणसवाडीच्या कंपनीत पाळीवर, आणि सून भाग्यश्री अशी की सुई नुसती पाहिली तरी तिला घेरी यायची. माझी गाडी अंगणात वाजली की म्हातारी भिंतीकडे तोंड करून दंड उघडा टाकायची. रक्त पातळ व्हायच्या गोळ्यांमुळे टोचलेल्या जागी रक्त झिरपत राही, म्हणून मी तिथे कापूस ठेवून चिकटपट्टी लावत असे आणि पट्टीचे टोक आत दुमडत असे, म्हणजे काढताना नखाने ती पिकली कातडी सोलली जात नाही. हे मला कोणी शिकवले नव्हते आणि दुसरे कोणी करताना मी कधी पाहिलेही नव्हते.

एका सकाळी मी औषध भरून घेतले आणि दंडाला हात लावला, तर पुतळाबाई भिंतीशीच पुटपुटल्या, “आता परत कशाला गं? आत्ताच तर दिलीस.”

“मी आत्ताच येतेय, आजी.”

“लागलंबी न्हाई बघ. लई हलका हात तुझा.”

दंडावर कापूस होता. कालचा असेल म्हणून पट्टी उचकटायला गेले, तर तिचे टोक दुमडलेले होते आणि कापूस स्पिरिटने अजून गार होता. बोटातून थेंब काढून साखर पाहिली, तर ती चांगलीच उतरलेली होती. मी भरलेली सिरिंज रिकामी केली, म्हातारीला साखरपाणी पाजले आणि तणतणत स्वयंपाकघरात गेले. मला खरे सांगायचे तर काळजीआधी रागच आला होता, कारण माझे गिऱ्हाईक कोणी पळवलेय असे मला वाटले.

“दुसरी कोणी लावलीय का नर्स? दोनदा औषध गेलं तर आजी झोपेतून उठायच्या नाहीत, कळतंय का तुम्हाला?”

भाग्यश्रीने भाकरी थापता थापता हात थांबवला. “दुसरी कोण येतीय ताई या रानात? मगाशी तुमचीच गाडी वाजली की.”

मी इन्सुलिनची बाटली त्यांच्या फ्रीजमधून काढून बर्फाच्या डबीत घातली आणि घरी आणली. संध्याकाळी गेले तेव्हा दंडावर पुन्हा ताजी पट्टी होती, टोक दुमडलेली. बाटली तर माझ्या घरी होती. तिच्यातले औषध कमी झाले होते की नाही, ते मला शपथेवर सांगता येईना, कारण आधी किती होते हे मी पाहून ठेवलेच नव्हते. त्यानंतर तसे रोजच होऊ लागले. कधी साखर इतकी उतरलेली असे की मी नुसती बसून राही, आणि कधी चढलेली असली की टोचावे लागे. तेव्हा पुतळाबाई कण्हायच्या आणि म्हणायच्या, “आता का गं असा जड लागतोय तुझा हात?”

हे वाक्य मला लागले, फार लागले. मी तिथे जाऊन येते आणि विसरते की काय, असेही मनात येऊ लागले. शिरूरच्या डॉक्टरांना विचारले, तर ते हसून म्हणाले, चार दिवस सुट्टी घ्या. सुट्टी घेतली आणि ती दुसरी मात्र येत राहिली, तर आजींची साखर पाहणार कोण? तिला धरायचेच असे ठरवून मी एके दिवशी दुपारीच निमोण्याला जाऊन बसले. सिरिंजा, बाटली, सगळे पिशवीत कुलूप लावून ठेवले आणि पिशवी पायांत धरली. समोर भाग्यश्री लसूण सोलत होती. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि त्या हातांकडेच बघत होते.

उन्हे कलल्यावर पुतळाबाईंनी भिंतीकडे तोंड केले आणि दंड उघडा टाकला. अंगणात काही वाजले नव्हते.

“दे,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, “झालं? आज तर कळलंसुदीक न्हाई.”

भाग्यश्री लसणाचे सूप बाजूला सारत कौतुकाने म्हणाली, “मी समोर बसून बघत हुते ताई, घेरी आवरून. तरी कवा टोचलं ते मलाबी दिसलं न्हाई.”

दंडावर पट्टी होती. माझे हात मांडीवरच होते आणि पिशवीचे कुलूपही तसेच होते.

दिवेलागणीला म्हातारीच्या कपाळावर घाम फुटला. हाका मारल्या तर ओ येईना, जीभ जड झाली, साखरपाणी ओठांवरून बाहेर ओघळले. मी ग्लुकोजची बाटली काढली, तसबीर उतरवून भाग्यश्रीकडे दिली, बाटली खिळ्याला टांगली आणि मनगटाच्या वर पट्टा आवळला. शीर सापडेना. दौंडला शिकाऊ असतानाही मला शीर शोधायला इतका वेळ लागला नव्हता. सुई घातली, काढली, पुन्हा घातली, आणि त्या पातळ कातडीखाली निळे डाग उमटत गेले. मी रडत होते, हे मला नंतर कळले. शेवटी एका शिरेत रक्त दिसले. घाईघाईत पट्टी चिकटवली आणि थेंब सोडले. ग्लुकोज उतरत गेले तसा घाम आटला, श्वास संथ झाला. म्हातारी वाचली होती.

पुतळाबाईंनी डोळे उघडले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तोंड भिंतीकडून वळवले. आधी त्यांनी मनगटाकडे पाहिले. पट्टीचे टोक दुमडायचे माझ्याकडून राहून गेले होते. त्यांनी त्या टोकावरून बोट फिरवले आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिले.

“भाग्यश्री,” त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, “ही कोण गं? लई दुखिवलं हिनं. आपली सिस्टर कुठंय?”

मी हसून भाग्यश्रीकडे पाहिले, की आता तूच सांग यांना. भाग्यश्री तसबीर छातीशी धरून मला न्याहाळत होती, दारात आलेल्या परक्या माणसाला न्याहाळावे तशी.

“त्या मगाशीच गेल्या की, आत्या,” ती म्हणाली. “सकाळी येत्याल.”